दातांच्या डॉक्टरांचा समुद्र

माझ्या भाचीने साळिंदराचा सिनेमा केला. ते साळिंदर उशा विकतं. एवढं ऐकूनच लोक हसायचे. माझा भाऊ, म्हणजे तिचा बाप, तेवढंही हसायचा नाही. तो म्हणायचा, "उशांचं दुकान घरचं आहे. तिथे बसायला लाज वाटते, आणि साळिंदराला बसवते."

आमचं दुकान सोफे, खुर्च्या नव्याने मढवून देण्याचं, जोडीला उशाही. मी कापड बेतते आणि कापते, भाऊ ठोकतो. दिवसभर त्याच्या तोंडात बारीक खिळे असतात, एकेक काढून हातोडीखाली धरतो. त्यामुळे हा फार कमी बोलणारा माणूस आहे असा गिऱ्हाइकांचा समज आहे. खिळे संपले की काय होतं ते आम्ही घरचे जाणतो.

दुकानामागे एक बिनखिडकीची खोली आहे. पूर्वी तिथे काथ्या ठेवायचो. काथ्या गेला, फोम आला, खोली रिकामी पडली आणि भाचीने ती धरली. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, दुपारी येऊन दार लावून घ्यायची. आत वीतभर उंचीची कापडी जनावरं. त्यांना केसभर हलवायचं आणि फोटो काढायचा. परत केसभर हलवायचं, परत फोटो. दुपार घालवून जे होतं ते पडद्यावर एक शिंक येईपर्यंत संपतं. मी एकदा बघायला बसले होते. बदकिणीने मान वळवायच्या आत माझा डोळा लागला.

भावाला त्या खोलीत फोम कापायचं यंत्र बसवायचं होतं. रोज जेवताना यंत्र. भाजी वाढताना यंत्र, हात धुताना यंत्र. शेवटी त्याने पोरीपुढे अट ठेवली.

"तुझा सिनेमा पुरा कर. चार शहाण्या माणसांना दाखव. ते चांगला म्हणाले तर खोली तुझी, मी नाव काढणार नाही. नाही म्हणाले तर तुझं चंबूगबाळं उचलायचं."

"शहाणी माणसं कोण?" भाचीने विचारलं.

"ते मी ठरवीन."

त्याने ठरवली ती अर्थातच आपली गिऱ्हाइकं. एक दातांचे डॉक्टर. त्यांचा बैठकीचा सोफा आम्ही मढवला होता. दुसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, आणि त्या दुकानात आल्या की भाऊ अजून हातोडी मागे लपवतो. तिसरे एक जाणकार. ते पेपरात सिनेमांवर लिहितात. त्यांची खुर्ची आमच्याकडे आली तेव्हा बसायच्या जागी पार खड्डा होता आणि टेकायची बाजू नवीकोरी. मला वाटलं, मोठा कामसू माणूस. मग कळलं, पुढे वाकून ते फक्त मोबाइल बघतात. चौथं शहाणं माणूस म्हणून भावाने स्वतःला धरलं.

रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. गादीचं पांढरं अस्तर भिंतीवर ताणून पडदा केला. पोचते करायचे सोफे पडले होते, त्यांवरच मंडळींना बसवलं. भावजयीने चहा केला. ती बिचारी सकाळपासून मला विचारत होती, "वन्सं, आवडेल ना हो त्यांना? नाही आवडला तर पोर काही बोलायची नाही, पण जेवायचीही नाही."

"त्यांना काय आवडतं ते त्यांना तरी ठाऊक आहे का?" मी म्हटलं.

सिनेमा सुरू झाला. साळिंदराचं उशांचं दुकान. कुणी गिऱ्हाईक आलं की ते आनंदाने उशी उचलून दाखवतं, आणि उशी फुटते. पिसं उडतात. एक बदकीण रोज येते, काही घेत नाही, नुसती उशा हुंगते आणि विचारते, ही माझी बहीण तर नव्हे? एक उंट आहे, त्याला झोप येत नाही. एक लांब सुळ्यांचा वॉलरस आहे, त्याला झोपेतून उठता येत नाही. सिनेमात बोलत कुणी नाही. जे बोलायचं ते मधेमधे पाट्यांवर येतं. मी अक्षरं शिकले तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. ह्याच भाचीने दुसरीत असताना कापायच्या टेबलावर खडूने मला गिरवायला लावली होती. अजूनही टीव्हीवरची ओळ मी अर्धी वाचते तोवर पळून जाते. ह्या पाट्या पळत नव्हत्या. शेवटचं अक्षर माझ्या तोंडात आलं की मगच जात होत्या.

"पाट्या फार रेंगाळतात," जाणकार अंधारात म्हणाले. "लय मरते."

"त्या साळिंदराचे दात चुकलेत," डॉक्टर म्हणाले. "साळिंदराचे पुढचे दात केशरी असतात. हे पांढरे दाखवलेत. जाहिरातीतल्यासारखे."

"मुलांनी ह्यातून घ्यायचं काय?" हा प्रश्न बाईंचा. "उशी फुटते. बरं. मग?"

"हा मुलांचा सिनेमा नाही, बाई," जाणकार म्हणाले. "साळिंदर म्हणजे आपण."

"आपण म्हणजे कोण?"

"आपण सगळे. ज्याला जवळ घ्यायला जातो त्याला टोचतो."

"मी कुणाला टोचत नाही," बाई अशा आवाजात म्हणाल्या की माझ्या शेजारी भावजय जरा सरकून बसली.

जनावरांची लव वारा नसताना थरथरत होती. जाणकारांना ते फार भावलं. त्यांनी मागे वळून भाचीला सांगितलं, "ते थरथरणं छान आहे. अस्तित्वाचं भय."

"नाही हो," भाची म्हणाली. "दर वेळी हलवताना माझी बोटं लागतात. ते मला थांबवता आलं नाही."

"तुम्हाला तसं वाटतं," जाणकार म्हणाले.

मला हसू आलं ते मी चहात बुडवलं. जिने बोटं लावली ती सांगतेय बोटं लागली, आणि हे म्हणतात तुम्हाला तसं वाटतं. उद्या मी म्हटलं की मला भूक लागली, तर हे म्हणतील, मावशी, ती भूक नव्हे. भाऊ मात्र प्रत्येक वेळी मान डोलवत होता. डॉक्टर बोलले की डॉक्टरांकडे बघून, बाई बोलल्या की बाईंकडे बघून. सिनेमाकडे बघताना मी त्याला पाहिला नाही. त्याचं सगळं लक्ष एकच मोजत होतं, किती नाकं मुरडली.

मग समुद्र आला.

एकही उशी खपली नाही म्हणून साळिंदर सगळ्या उशा हातगाडीवर घालून किनाऱ्यावर नेतं आणि पाण्यात सोडून देतं. उशा तरंगतात. बदकीण येऊन एकीवर बसते. उंट दुसरीवर बसतो, आणि बसल्या बसल्या झोपतो. एकेक जनावर उशीवर बसून लांब जातं, आणि साळिंदर काठावर उभं राहतं. त्याला बसता येत नाही. बसलं तर उशी फुटेल. आणि तो समुद्र! निळाजांभळा, जाड, मऊ. लाट वळली की उजेड तिच्या पाठीवरून सरकत जायचा. आतापर्यंत मी एक डोळा सिनेमावर आणि एक मंडळींवर ठेवला होता. इथे दोन्ही पडद्यावर गेले. खोटं कशाला बोलू, तेवढा भाग मला आवडला.

"समुद्र म्हणजे मन," जाणकार हळू आवाजात म्हणाले.

"समुद्र म्हणजे माझा सोफा," डॉक्टर म्हणाले.

कुणालाच काही कळलं नाही. डॉक्टर उठून उभे राहिले. पडद्यावर समुद्राच्या मधोमध त्यांची सावली पडली.

"हे माझं कापड आहे. माझ्या बायकोने चार दुकानं पालथी घालून आणलेलं मखमल. मागच्या बाजूला पुरलं नाही म्हणून तुम्ही तिथे साधं कापड लावलंत. सोफा खोलीच्या मधोमध ठेवायचा होता, तो भिंतीला लावावा लागला, मागची बाजू दिसू नये म्हणून. पुरलं नाही म्हणालात ना, शेठ? मग हा एवढा समुद्र आला कुठून?"

भाचीने सिनेमा थांबवला. एक लाट अर्धी उचललेली तशीच राहिली.

"थांबवू नका. मागे घ्या," बाई म्हणाल्या. "ती बदकीण पुन्हा दाखवा. तिच्या अंगावर काय आहे?"

भाचीला बापाकडे बघावं की बाईंकडे, कळेना. बाईंनी बोट नुसतं हलवलं आणि तिने मागे घेतलं. बदकीण आली. पिवळी, सोनेरी बुट्ट्यांची.

"माझ्या खुर्च्या," बाई म्हणाल्या. "चौथीला कापड कमी पडलं, म्हणून ती तपकिरी. मी पाहुण्यांना सांगत असते, ती मुद्दाम वेगळी ठेवलीय."

ज्यांना सिनेमातलं काही घ्यायचं नव्हतं त्यांनी पुढची सगळी जनावरं नाक पडद्याला लावून बघितली. जाणकारही उठले. "ते मुंगूस जरा दाखवा. ते कॉर्डरॉय माझं तर नाही?" ते त्यांचं नव्हतं. त्यांचं कापड खरोखरच उरलं नव्हतं. ते खाली बसले आणि त्यांचा चेहरा पडला. आपण लुबाडले गेलो नाही ह्याचंही माणसाला वाईट वाटतं, हे मी त्या दिवशी पाहिलं.

सगळे भावाकडे वळले. मी त्याला लहानपणापासून ओळखते. दूध सांडलं की त्याची नजर आधी मांजर शोधायची.

"पोरीने नेलं असणार," तो म्हणाला. "माळ्यावरून. मला न विचारता. मी दिवसभर कामात, मला काय ठाऊक मागे काय चालतं? म्हणूनच म्हणत होतो, ती खोली..."

"अहो," भावजय म्हणाली, आणि तिथेच थांबली.

भाचीच्या हातात ते सिनेमा चालू-बंद करायचं रिमोट होतं. ती बापाकडे बघत होती, आणि तो पडद्याकडे. दुपारभरात पहिल्यांदाच त्याने पडद्याकडे एवढं निरखून बघितलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मावशी, कापता तुम्ही. उरलं होतं का कापड?"

आता आली का पंचाईत! उरलं म्हटलं तर भाऊ तोंडघशी. पुरलं नाही म्हटलं तर पोर चोर, आणि खोलीही गेली. भाऊ माझ्याकडे बघत होता. कित्येक वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहतो. डोळ्यांनीच तो मला म्हणाला, ताई. आणि मला त्याची अशी काही शिसारी आली! कापड दाबलं म्हणून नव्हे. दुकानात बसून माणसं काय काय करतात ते मला नवीन नाही. पण चार परक्या माणसांसमोर, आणि तीही कसली माणसं, तर साळिंदराचे दात मोजणारी, त्यांच्यासमोर चांगलं दिसावं म्हणून पोटची पोर पुढे ढकलायची?

"उरलं होतं," मी म्हटलं. "घडी घालून ह्याच्या हातात दिलं होतं, डॉक्टरांना परत द्यायचं म्हणून. सोफ्याच्या मागे साधं कापड डॉक्टरांनाच हवंय, असं ह्याने मला सांगितलं होतं. माळ्यावर काय काय जाऊन बसलंय ते मी बघितलेलं नाही, माझ्या गुडघ्यांनी शिडी कधीच सोडली. पण पोरीने विचारून घेतलंय. बाबा, माळ्यावरची कापडं घेऊ का, म्हणाली. ह्याच्या तोंडात खिळे होते. ह्याने हात उडवला, की घे, चिंध्या आहेत. मी इथे उभी होते."

"ताई!" भाऊ म्हणाला.

"ओरडू नकोस. चौथा शहाणा तू आहेस. तुझं मत काय पडलं सिनेमाबद्दल?"

भावाने खिशात हात घातला, मूठभर खिळे काढले आणि तोंडात टाकले. रविवार होता. हातोडी खुंटीवर होती. तरी टाकले.

मंडळी उठली. डॉक्टर म्हणाले, उद्या येऊन कापड घेऊन जाईन. बाईंनी चहाचा कप स्वतः नेऊन मोरीपाशी ठेवला, जणू आता ह्या घराच्या उपकारात राहायचं नव्हतं. शटरखालून वाकून बाहेर पडताना भाचीने डॉक्टरांना गाठलंच. "पण डॉक्टर, सिनेमा... कसा होता?"

"कुठला?" डॉक्टर म्हणाले. "हां, तो. बघतो ना परत. मग सांगतो."

आम्ही दोघीच राहिलो तेव्हा ती अस्तराची घडी घालत म्हणाली, "आत्या, तुला?"

"बदकिणीने डोकं उठवलं. वॉलरसचं काय चाललं होतं ते मला कळलं नाही. समुद्र चांगला होता. आणि पाट्या मला पुरल्या."

"पुरल्या ना?" ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग घडी छातीशी धरून बराच वेळ रडली. मी तिला रडू दिलं. शटर पूर्ण ओढायला माझ्या खांद्यात जोर नव्हता, नाहीतर तेही केलं असतं.

पुढच्या रविवारी डॉक्टर बायकोला घेऊन आले. बायकोला समुद्र बघायचा होता. त्यांच्यामागे त्यांच्या ओळखीचे दोघे, त्यांचे दिवाण आम्हीच मढवले होते. त्याच्या पुढच्या रविवारी तर रस्त्यापर्यंत माणसं. आमच्या हातून ज्याचा म्हणून सोफा गेला होता तो प्रत्येक जण सिनेमा बघायला आला. दुकानात मावेनात, म्हणून मागच्या खोलीत बाकं टाकली. आता तिथे यंत्र बसवायची कुणाची छाती? लोक म्हणाले असते, पुरावा गाडला.

आणि त्यांची मतं! ज्यांचं कापड सिनेमात निघालं ते आधी भावाला चार शब्द ऐकवायचे आणि मग म्हणायचे, पण काही म्हणा, पोरीने काम नाजूक केलंय. ज्यांचं निघालं नाही ते म्हणायचे, पोरखेळ आहे. एका गिऱ्हाईक बाईंच्या दिवाणाचं कापड उंटाच्या कुबडावर सापडलं. त्या तीनदा येऊन गेल्या, तिन्ही वेळा उंट गेला की उठून गेल्या. शेवट काय होतो ते त्यांना अजून ठाऊक नाही. जाणकारांनी पेपरात लांबलचक लिहिलं. समुद्र हा मध्यमवर्गाच्या बैठकीतून उसळतो, हे आपल्याला पहिल्या लाटेलाच जाणवलं, असं त्यात होतं. मी ते बोट ठेवून पुरं वाचलं. सोफा ओळखणाऱ्या डॉक्टरांचं त्यात नाव नव्हतं.

डॉक्टर उद्या येतो म्हणाले होते, ते कापड न्यायला ह्या सगळ्यानंतर आले. भाचीने समुद्राची घडी पुढे ठेवली. जागोजागी टाचण्यांची भोकं, मेणाचे डाग. डॉक्टरांनी ती उलगडली, चष्मा वर केला, परत घडी घातली.

"राहू दे," म्हणाले. "भिंतीला सोफा आता बरा दिसतो. पण नाव घाला कुठेतरी. समुद्र, दातांचे डॉक्टर."

"आणि दात?" भाचीने विचारलं.

"ते केशरी करा."

तेव्हापासून भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला उरलेली बोटभर पट्टीसुद्धा पिशवीत घालून देतो. माळा झाडून रिकामा. भाचीने दुसरा सिनेमा काढलाय, आणि गंमत अशी, की गिऱ्हाइकं ती पिशवी दुकानाच्या पुढच्या दाराने घेतात आणि मागच्या दाराने तिला आणून देतात. नुसती देत नाहीत, बजावून देतात. बाई म्हणाल्या, "हत्ती असेल तर सांग. बेडकाला मी देणार नाही." एकाने विचारलं, माझं निळं कापड सिनेमात किती वेळ दिसेल. ज्या माणसांनी साळिंदराला नावं ठेवली त्यांना आता सगळ्यांनाच मोठं जनावर व्हायचंय. भाचीकडे सात हत्ती झालेत आणि उंदीर व्हायला कुणी नाही.

आभाळही कुणी देईना. तिला पूर्ण पडदाभर रात्रीचं आभाळ हवं होतं. पण आभाळाला ना तोंड ना शेपूट. त्यात आपलं कापड ओळखणार कोण? जो तो पिशवी मागे ओढून घ्यायचा.

बाप-लेक ह्या काळात बोलत नव्हते. ती मागच्या दाराने यायची, मागच्याच दाराने जायची. माझ्याशीही भाऊ कामापुरतंच बोलायचा, तेही खिळ्यांआडून. माफी मागायला त्याच्या तोंडात जागा कधी नव्हतीच.

परवा दुपारी त्याने हातोडी ठेवली, बाहेर गेला आणि खांद्यावर एक तागा घेऊन आला. गर्द निळाकाळा, दुकानातली दोरीसुद्धा न सोडलेला. माझ्या टेबलावर ठेवील असं मला वाटलं. तो टेबलाला वळसा घालून मागच्या खोलीकडे गेला. दार उघडं होतं. भाची गुडघ्यांवर बसून कुठल्याशा हत्तीची सोंड केसभर हलवत होती. ती तशीच थांबली.

भावाने तोंडातले खिळे हातात काढून घेतले.

"आभाळाला," तो म्हणाला.

भाचीने ताग्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग तिने मापाची टेप उचलली. "किती आहे?"

"पुरेल," भाऊ म्हणाला. दारातून मागे वळला, माझ्याकडे न बघता टेबलापाशी आला, हातोडी घेतली, आणि तिथूनच मोठ्याने म्हणाला, "उरेल थोडं. उरलं की मला आणून दे."